जमाखर्च घराचा : गर्भारपण आणि घरातील वीज



या सदरात एरवी मुदत ठेवी, वारसनोंद, विमा आणि दुकानातील उधारी यांचीच चर्चा असते. आरोग्याच्या प्रश्नांत मी सहसा पडत नाही. ते काम जाणकार डॉक्टरांचे. परंतु गेल्या महिन्यात एका भगिनीचे चार पानी पत्र आले. प्रश्न वरवर पाहता साडेआठ हजार रुपयांच्या एका खरेदीचा होता, म्हणून संपादकांनी ते माझ्याकडे धाडले. पत्र वाचून झाल्यावर ध्यानात आले की, रक्कम हा त्यातील सर्वांत लहान भाग आहे.

कुटुंब व्यापारी. खाली किराणा मालाचे दुकान, वर राहते घर. सूनबाईंना दुसरा महिना चालू आहे. दुपारच्या वेळी त्या दुकानातील संगणकावर बिले आणि जीएसटीचे काम पाहतात. एके दिवशी एक विक्रेता आला. त्याने आपला मोबाईल काउंटरखालच्या इन्व्हर्टरजवळ धरला. पडद्यावरचा काटा हलला आणि आकडा ६० च्या पुढे गेला. हे चुंबकीय क्षेत्र असून त्याने पोटातले मूल दगावते, अमेरिकेत तसे सिद्ध झाले आहे, असे त्याने सांगितले. उपायही त्याच्याच पिशवीत होता. चांदीच्या धाग्याचा एप्रन आणि मोबाईलला व मीटरला चिकटवावयाच्या चकत्या, सर्व मिळून साडेआठ हजार.

पत्राच्या शेवटच्या पानावर खरी व्यथा आहे. गेल्या वर्षी या भगिनींच्या नणंदेच्या सुनेचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. ती मुलगी घरून लॅपटॉपवर नोकरी करीत असे आणि स्वयंपाकाला इंडक्शन शेगडी वापरीत असे. नातेवाइकांनी कारण तिथल्या तिथे ठरवून टाकले. पत्रातील शब्द असे आहेत : “ती पोर अजून कोणाशी मोकळेपणाने बोलत नाही. या माणसाचे ऐकून मला वाटले, लोक म्हणत होते ते खरेच होते की काय?” एप्रन घ्यावा काय, सुनेला दुकानात बसू द्यावे काय, आणि त्या मुलीची खरोखर काही चूक होती काय, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी वैद्य नव्हे. परंतु समोर आलेला आकडा कोठून आला, कशावर आधारलेला आहे आणि त्यातून काय निघते व काय निघत नाही, हे पाहण्यात माझी सारी नोकरी गेली. विक्रेत्याने ज्या संशोधनाचा दाखला दिला ते खरोखरच अस्तित्वात आहे. त्याची उलटतपासणी करण्यास हरकत नाही.

प्रथम मोबाईलवरच्या आकड्याविषयी. चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एक माप मायक्रोटेस्ला हे आहे. जुन्या अमेरिकी लेखांत मिलिगॉस हे माप आढळते. १ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलिगॉस. आपली पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे आणि आपल्या कोकणपट्टीत तिचे क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला भरते. मोबाईलमधील होकायंत्राचा संवेदक मुख्यतः हेच क्षेत्र दाखवितो. म्हणजे घराचा मुख्य खटका बंद करून अंधारात उभे राहिले तरी तो ४० च्या आसपास आकडा दाखवीलच. जवळ पोलादी कपाट, ध्वनिवर्धक किंवा इन्व्हर्टरमधील लोखंडी गाभा आला की तो आकडा वर किंवा खाली सरकतो. या क्षेत्रात माणूस अनादिकाळापासून जन्मत आणि वाढत आला आहे. ते स्थिर क्षेत्र होय. घरातील विजेचे क्षेत्र निराळे : आपल्याकडील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करते आणि तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही त्याच गतीने दिशा पालटते. संशोधन झाले आहे ते या पालटणाऱ्या क्षेत्राविषयी. त्या माणसाने एक दाखविले आणि दुसऱ्याची भीती घातली.

ओघात आले म्हणून सांगतो. या विषयाशी महाराष्ट्राचा एक जुना आणि अभिमानास्पद संबंध आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद एकोणिसाव्या शतकापासून ठेवली जात असे. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले तेव्हा तिच्या प्रवाहाने या सूक्ष्म नोंदी बिघडतील, हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ओळखले आणि १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलविण्यात आले. तेथील इमारतीत लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळला आहे. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन नव्या आणि जुन्या आकड्यांचा मेळ घातला गेला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागची वेधशाळा आजही काम करीत आहे. मोजणाऱ्याने काय मोजतो आहोत याची शुद्ध ठेवावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता अमेरिकेतील संशोधन. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को परिसरात कैसर पर्मनेंट ही मोठी आरोग्यसंस्था आहे. तेथील डॉ. डी-कुन ली आणि सहकाऱ्यांनी गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळातील ९६९ स्त्रियांना एक लहानसे मापकयंत्र २४ तास अंगावर बाळगावयास दिले आणि पुढे त्यांच्या गर्भारपणाचे काय झाले ते पाहिले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दिवसभराची सरासरी पाहिली तर गर्भपाताशी कोणताही संबंध आढळला नाही. परंतु दिवसातील सर्वोच्च आकडा पाहिला तेव्हा चित्र बदलले : ज्यांच्या यंत्राने कधी ना कधी १६ मिलिगॉस किंवा अधिक दाखविले, त्यांच्यात गर्भपाताचे प्रमाण १.८ पट आढळले.

त्याच संशोधकांनी २०१७ मध्ये ९१३ स्त्रियांवरील नवा अभ्यास प्रसिद्ध केला. मोजणीचा दिवस आपल्या नेहमीच्या दिवसासारखाच होता असे ज्यांनी सांगितले, त्यांच्यापैकी सर्वांत कमी क्षेत्र आढळलेल्या, म्हणजे २.५ मिलिगॉसच्या खालील गटात गर्भपाताचे प्रमाण १०.४ टक्के होते, उरलेल्यांत २४.२ टक्के. वय वगैरे इतर बाबींचा हिशेब केल्यावर या स्त्रियांमध्ये धोका २.७२ पट निघाला.

हे आकडे झटकून टाकण्यासारखे नाहीत. अभ्यास प्रत्यक्ष मापनावर आधारलेला आहे, आठवणीवर नव्हे. घरातल्या गृहिणीने हे वाचून चिंता केली तर तिला कोणी हसू नये.

परंतु ताळेबंद पाहताना पहिल्या पानावरच्या नफ्याने आपण समाधान मानीत नाही, टिपा वाचतो. येथेही तेच केले पाहिजे.

पहिली टीप सरासरी आणि सर्वोच्च यांच्या फरकाची आहे. एखाद्या खात्याची महिन्याची सरासरी शिल्लक आणि त्या महिन्यातील सर्वांत मोठी नोंद या दोन अगदी भिन्न गोष्टी सांगतात. सरासरी सांगते की पैसा किती काळ किती राहिला. सर्वांत मोठी नोंद पुष्कळदा एवढेच सांगते की खातेदाराचा व्यवहार किती चालू आहे. जो दिवसभर बाजारात हिंडतो त्याच्या खात्यावर मोठी नोंद होण्याची शक्यता अधिक, घरी बसणाऱ्याच्या खात्यावर कमी. मापकयंत्राचेही तसेच आहे. जी स्त्री दिवसभर घराबाहेर पडते, दुकानात जाते, विजेवरच्या गाडीने प्रवास करते, यंत्रांच्या जवळून जाते, तिच्या यंत्रावर एखादा मोठा आकडा कोठेतरी उमटणारच. जी अंथरुणावर पडून आहे तिच्या यंत्रावर तो उमटणार नाही.

आणि गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अंथरुणावर कोण पडून असते? जिला उलट्या, मळमळ आणि थकवा आहे ती. येथेच सारी मेख आहे. डोहाळ्यांचा हा त्रास, डॉक्टरांच्या अनुभवाप्रमाणे आणि अभ्यासांप्रमाणेही, बहुधा गर्भ नीट वाढत असल्याची खूण असते. ज्या गर्भारपणाचा शेवट गर्भपातात होणार असतो त्यात तो पुष्कळदा कमी असतो किंवा आधीच थांबतो. म्हणजे ज्या बाईचे गर्भारपण आधीच अडचणीत आहे तिला मळमळ कमी, म्हणून ती अधिक हिंडते, म्हणून तिच्या यंत्रावर मोठा आकडा. आकडा गर्भपाताचे कारण नसून, दोहोंचे मूळ एकाच तिसऱ्या गोष्टीत असू शकते. ही शंका अमेरिकेतील रोगप्रसारशास्त्राचे एक मान्यवर अभ्यासक डेव्हिड सॅव्हिट्झ यांनी २००२ मध्ये त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात मांडली. केवळ शंका मांडून ते थांबले नाहीत. २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०० गर्भवतींना चुंबकीय मापक आणि हालचाल नोंदविणारे यंत्र अशी दोन्ही देऊन पाहिले. ज्या अधिक हालचाल करीत त्यांच्या यंत्रावर मोठे आकडे येण्याची शक्यता अधिक आढळली.

यावरून डॉ. ली यांचा निष्कर्ष खोटा ठरला असे मी म्हणत नाही. शंका सयुक्तिक आहे एवढेच. आणखी दोन टिपा थोडक्यात. मोजणी एका दिवसाची आहे, गर्भारपण नऊ महिन्यांचे. आणि २०१७ च्या अभ्यासात सर्वांत खालचा गट सोडल्यास उरलेल्या तीन गटांत पायरीपायरीने धोका वाढत गेला असे आढळले नाही. विष खरे असेल तर सहसा मात्रेबरोबर परिणामही वाढतो. येथे तसे दिसत नाही. शिवाय २.७२ हा आकडा ज्या मर्यादांत फिरतो त्या १.४२ पासून ५.१९ पर्यंत पसरलेल्या आहेत. एवढ्या रुंद अंदाजावर कर्ज मंजूर करावयाचे असते तर मी आणखी कागदपत्रे मागविली असती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये या सर्व विषयाचा विस्तृत आढावा घेतला. गर्भपाताविषयी तिचे मत असे की, काही पुरावा आहे, परंतु तो पुरेसा नाही. ५० आवर्तनांच्या विजेसाठी सर्वसामान्य माणसाची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला म्हणजे २,००० मिलिगॉस आहे. ही मर्यादा शरीरातील नसा आणि स्नायू यांवर होणाऱ्या तात्काळ परिणामांवरून ठरविली आहे, हेही लक्षात ठेवावे. दीर्घकालीन परिणामांचा प्रश्न तिने मिटत नाही. त्याविषयी संघटनेने म्हटले आहे ते मला व्यवहारी वाटते : ज्या उपायांना खर्च जवळजवळ नाही ते अवश्य करावेत.

हा प्रश्न नवा नाही, हे माझ्या पिढीतील बँक कर्मचाऱ्यांना आठवेल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शाखांमध्ये खतावणीची यंत्रे आणि त्यामागोमाग संगणक आले. त्या सुमारास, पडद्यासमोर बसल्याने गर्भाला अपाय होतो, असे जिकडेतिकडे बोलले जाई. आमच्या शाखेतील दोन भगिनींनी त्या काळात काउंटर बदलून मागितले आणि ते मिळालेही. त्या बोलण्यालाही आधार होता : उत्तर कॅलिफोर्नियातीलच १९८८ च्या एका अभ्यासात, आठवड्याला २० तासांहून अधिक काळ पडद्यासमोर काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपात अधिक आढळले होते. मग अमेरिकी सरकारच्या संस्थेने टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांचे दोन गट घेतले. काम सारखेच, एक गट पडद्यासमोर, दुसरा पडद्याविना. ७३० स्त्रियांच्या ८८२ गर्भारपणांची तुलना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन्ही गटांत गर्भपाताचे प्रमाण सारखेच निघाले. पडद्याचा बागुलबुवा त्यानंतर हळूहळू मावळला. आजचे सपाट पडदे तर त्या जुन्या काचनळीच्या पडद्यांहून पुष्कळच सौम्य आहेत.

तेव्हा घरात आणि दुकानात काय करावे? येथे एक गोष्ट मनात पक्की बसवावी, ती म्हणजे अंतर. चुंबकीय क्षेत्र भिंतीने अडत नाही, कापडाने अडत नाही, परंतु उपकरणापासून दूर जाताच ते झपाट्याने ओसरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेले काही आकडे पाहा. धूळ ओढणाऱ्या यंत्राजवळ, ३ सेंटिमीटरवर २०० ते ८०० मायक्रोटेस्ला. एक फुटावर २ ते २०. एक मीटरवर २ किंवा त्याहूनही कमी. मायक्रोवेव्ह भट्टीला अगदी चिकटून ७३ ते २००. एक फुटावर ४ ते ८. एक मीटरवर अर्ध्याच्या आसपास. कपडे धुण्याचे यंत्र एक फुटावर ३ च्या आत. इस्त्री एक फुटावर ०.३ च्या आत. शीतकपाट एक फुटावर पाव मायक्रोटेस्लाहून अधिक नाही. ज्यात मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर आहे आणि जे अधिक प्रवाह ओढते त्याचे क्षेत्र मोठे. मिक्सर त्याच जातीचा; ओट्यावर मागे सरकवून हात लांब करून चालवावा, पोट ओट्याला टेकवून नव्हे. एवढ्याने काम भागते.

याचा आणखी एक अर्थ असा की, डॉ. ली यांचा १६ मिलिगॉसचा, म्हणजे १.६ मायक्रोटेस्लाचा आकडा आधुनिक घरात दिवसातून एकदा तरी ओलांडला जाणे अगदी सहज शक्य आहे. तो पूर्णपणे टाळावयाचा म्हटले तर विजेविना राहावे लागेल.

दिवसभरात क्षणभर भेटणाऱ्या उपकरणांपेक्षा मी स्वतः अधिक लक्ष देईन ते तासन्‌तास बसण्या-झोपण्याच्या जागेकडे. पलंगाचे डोके ज्या भिंतीला आहे त्या भिंतीपलीकडे मीटरचा मोठा फलक, इन्व्हर्टर किंवा शीतकपाट आहे काय? असेल तर पलंग दुसऱ्या भिंतीला न्यावा. इमारतीच्या तळमजल्यावर वीज मंडळाचे रोहित्र असल्यास त्याच्या थेट वरच्या खोलीत क्षेत्र इतर घरांपेक्षा अधिक असते. ती खोली झोपण्याऐवजी बसण्याउठण्यासाठी वापरावी. दुकानांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आहे. जाणारी आणि परतणारी तार शेजारी शेजारी असतील तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. जुन्या बाजारपेठेतील दुकानांत वर्षानुवर्षे जोडत नेलेल्या वायरिंगमध्ये न्यूट्रल तार भलतीकडूनच फिरलेली असते, आणि मग त्या भिंतीभोवती विनाकारण मोठे क्षेत्र तयार होते. जाणत्या वायरमनला बोलावून हे एकदा तपासून घ्यावे. आगीच्या भयासाठी तर ते कधीच करावयास हवे होते.

इंडक्शन शेगडीचे क्षेत्र निराळ्या, पुष्कळ जलद आवर्तनाचे असते. स्वित्झर्लंडच्या आरोग्य खात्याचा सल्ला साधा आहे : भांडे खाचेच्या आकाराचे आणि बरोबर मध्यभागी ठेवावे, आणि शरीर शेगडीच्या कडेला टेकवू नये. मोबाईलच्या लहरी ही तिसरीच बाब. ती येथे मिसळू नये.

आता एप्रन. चांदीचा धागा विणलेले कापड रेडिओ लहरींना काही अंशी अडवू शकते, हे खरे. परंतु ५० आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र त्यातून असे आरपार जाते की जणू ते कापड तेथे नाहीच. वीटभिंतीतून जाते ते धाग्याला काय जुमानणार! मीटरवर चिकटविलेल्या चकतीने तर काहीच होत नाही. अशा वस्तूंच्या बाबतीत एक प्रकार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या किरणोत्सर्ग सुरक्षा यंत्रणेने मोबाईल लहरींपासून संरक्षण करणारे म्हणून विकले जाणारे दहा दागिने व तत्सम वस्तू तपासल्या, तेव्हा त्या स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या. गळ्यातील लोलक, हातातील कडे, डोळ्यांवरची झोपपट्टी असे त्यांचे स्वरूप होते. पत्रातील चकत्या तशाच असतील असे मी म्हणत नाही, पण गर्भवतीच्या अंगावर अज्ञात द्रव्याची चकती लावण्यापूर्वी हे आठवावे. साडेआठ हजारांची खरेदी करू नये, हे माझे स्पष्ट मत.

आता त्या दुसऱ्या मुलीविषयी, जी बोलत नाही. तिच्यासाठीच हा लेख लिहिण्यास बसलो, हे कबूल केले पाहिजे.

गर्भारपण निश्चित झाल्यानंतर गर्भपात होण्याचे प्रमाण साधारणपणे १० ते २० टक्के आहे. त्यांतील बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत होतात. अशा आरंभीच्या गर्भपातांपैकी निम्मे किंवा अधिक, गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच चुकल्यामुळे होतात. ही चूक बहुधा गर्भधारणेच्या क्षणीच घडलेली असते. नंतर त्या बाईने काय खाल्ले, काय उचलले, कोणत्या शेगडीवर पोळ्या केल्या, याचा तिच्याशी संबंध नसतो. एवढ्या सामान्य घटनेविषयी आपल्या घरांत इतके कमी बोलले जाते की जिच्यावर ती गुदरते तिला वाटते, हे जगात आपल्याच बाबतीत झाले.

बँकेत एखादी रक्कम कोणत्या खात्याची हे कळत नसेल तर ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. कागद सापडेपर्यंत ती तेथेच राहते. समोर उभा आहे म्हणून कोणा ग्राहकाच्या नावे ती टाकीत नाहीत. तसे करणारा कर्मचारी चौकशीत सापडतो. पत्रातील नातेवाइकांनी नेमके तेच केले. लॅपटॉप दिसला, शेगडी दिसली, मुलगी समोर होती; नोंद तिच्या नावे पडली. वर सांगितलेल्या सर्व अभ्यासांतून, त्यांचा अर्थ अगदी प्रतिकूल लावला तरी, एका विशिष्ट स्त्रीच्या एका गर्भपाताचे कारण सांगता येत नाही. डॉ. ली यांनाही ते सांगता येणार नाही. तेव्हा आपण आपल्या नणंदबाईंकडे जावे आणि हे त्या मुलीच्या समोर, घरातल्या सर्वांच्या देखत सांगावे. पत्राने कळवू नये. दोन किंवा अधिक वेळा असे घडले असेल तर मात्र डॉक्टर तपासण्या सांगतात, आणि त्या पती-पत्नी दोघांच्याही असतात.

ज्या गोष्टींचा परिणाम निर्विवाद आहे त्यांची यादी या विषयात जुनीच आहे, म्हणून लवकर सांगतो. गर्भारपणाचा विचार सुरू होताच फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी, रक्तातील हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड यांची तपासणी, रक्तदाब. आपण शाकाहारी असल्याने जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता आपल्याकडे पुष्कळ आढळते. ते अवश्य मोजून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील तसे घ्यावे. घरात कोणी तंबाखू ओढीत असेल तर त्याने ओसरीवरही ओढू नये. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते; दुकानातील नोकरांच्या घरी हे बहुधा ठाऊक नसते, त्यांना सांगावे. या सर्व तपासण्या खासगी प्रयोगशाळेत केल्या तरी एप्रनच्या किमतीत होऊन काही शिल्लक उरावी.

राहिला दुकानाचा प्रश्न. सूनबाईंनी दुकानात बसण्यास या कारणाने कोणतीही हरकत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. त्यांच्या खुर्चीखालचा इन्व्हर्टर मात्र हलवावा. चुंबकीय क्षेत्रासाठी चार-पाच फूट पुष्कळ झाले, परंतु खरे कारण निराळेच आहे : त्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी वायू निघतो आणि आम्लाचे तुषारही उडू शकतात, म्हणून बंद काउंटरखाली ती कोणासाठीच नको. जिन्याखालची मोकळी, वारा खेळणारी जागा पत्रात आपण वर्णिली आहे, ती उत्तम. नोटा मोजण्याचे यंत्र मांडीवर न घेता टेबलावर हातभर पुढे ठेवावे. आणि तो विक्रेता पुन्हा आलाच, तर ५० आवर्तनांच्या क्षेत्रात एप्रनच्या बाहेर आकडा किती व आत किती, याचा प्रयोगशाळेचा अहवाल आणि जीएसटी क्रमांकासह पक्के बिल, एवढे दोन कागद त्याच्याकडे मागावेत.